रीडिंग

सकाळी साडेसातला रावपुऱ्यातून सुरू करतो.
खांद्याला झोळी, झोळीत टॉर्च, फडकं, नोंदीचं यंत्र
आणि सोमवारपासून एक पुस्तक,
भाग पहिला, माझ्या शाल्मलीचं.
आत तिनं पेन्सिलीनं दटावलंय:
पप्पा, पान दुमडायचं नाही.

एकावन्न वर्षांत मी वाचले ते आकडे.
काळ्या चौकटीतले पाच घ्यायचे,
लाल चौकटीतले तीन सोडायचे.
लाल म्हणजे चिल्लर. कंपनी चिल्लर वाचत नाही.

पुस्तकातलं शहर परदेशातलं. धुकं, लोखंडी पूल,
आणि कुरियर पोचवणारी एक पोरगी
जिच्या हातात एके दिवशी पत्ता येतो
नकाशात नसलेल्या गल्लीचा.
गल्ली निघते.
तिथं एक म्हातारा फाटक्या सावल्या रफू करतो,
आणि पुलाखाली काहीतरी राहतं
जुनी येणी वसूल करणारं.

मला ते धुकं काही जमेना.
मग पोरीला मी बडोद्यात आणली.
पूल घेतला काळ्या घोड्याजवळचा.
पुलाखालचं जनावर बदलावंही लागलं नाही,
विश्वामित्रीत मगरी आमच्या हक्काच्या,
भर दुपारी जबडा उघडा टाकून पडलेल्या,
आणि वर कठड्याला रेलून शेंगा सोलणारी माणसं.
मागच्या पावसाळ्यात एक वडसरला पार्किंगमध्ये शिरली.
दोन पोरांनी तोंडाला चिकटपट्टी मारून
स्कूटरवर आडवी धरून नेली.
पुस्तकातल्या पोरीला मात्र घाम फुटतो.
तीन पानं घाम.
बाई गं, म्हटलं, तू इथली नाहीस.

वाचतो कुठं? जिन्यात.
लहरीपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर बेल दाबली की
आतून, कोण छे?
गॅस रीडिंग!
ऊभा रहो, नहावा गया छे.
न्हायला गेलेल्यांच्या कृपेनं माझी अकरा प्रकरणं झाली.
पान एकशे बारावर सेवउसळीचा ठसा पडला.
शाल्मलीला अजून सांगितलेलं नाही.

वाडीत एक घर आहे, पंधरा नंबरचं.
बिलाच्या यादीत आहे, दारावर नंबर नाही.
सात वर्षं कुलूप.
मीटर ओट्याखाली.
दर दोन महिन्यांनी मी वाकतो,
शून्य शून्य चार एक सात,
तोच आकडा टाकतो, शेरा: बंद घर.
सात वर्षांत त्या मीटरवरचं कोळ्याचं जाळं
मला एकदाही काढावं लागलेलं नाही,
हे काल रात्री पान दोनशे तीसवर
एकाएकी ध्यानात आलं,
आणि मी दिवा लावून थोडा वेळ बसून राहिलो.
बायको म्हणाली, ॲसिडिटी का?

आज त्याच ओट्यावर पुस्तक संपवलं.
शेवटच्या पानावर पोरगी दारापुढं उभी,
हात उगारलेला, अजून ठोठावलेलं नाही,
आणि खाली बारीक अक्षरात: भाग दुसरा लवकरच.
छपाईचं साल पाहिलं.
अकरा वर्षांपूर्वीचं लवकरच.

एक शिवी हासडली. वाकलो. काच पुसली.
चार एक सात.
मग जे कधी वाचत नाही ते वाचलं.
लाल चौकटीतला शेवटचा आकडा
हलत होता.
अगदी सावकाश, मुंगी साखरेचा दाणा ढकलते तसा.
सात वर्षांत एक युनिटही भरलेलं नाही,
म्हणजे अंगठ्याएवढ्या भांड्यात
कुणीतरी चहा टाकतंय.

यंत्रात शेरे तीनच: वाचलं, बंद घर, मीटर खराब.
मी एकही दाबला नाही.
कुलपाकडे पाहिलं, गल्लीत कुणी नाहीसं पाहिलं,
आणि हळूच, जवळजवळ स्वतःशीच, हाक मारली:
गॅस रीडिंग.

आत बादली सरकल्याचा आवाज झाला.

म्हणजे न्हायला गेलंय.
मी ओट्यावर टेकलो,
पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडलं.
पान दुमडायचं नाही.